दुसरी मिस मोना

“कशी आहेस, आंटी?” असं विचारलं की एस्मीआंटी म्हणायची, “चालू आहे.” पंखा चालू आहे, नळ चालू आहे, तशी ती चालू होती. तब्येतीच्या चौकशीला याहून लांब उत्तर तिनं कधी कुणाला दिलं नाही. पुढे दमा वाढला, फाटकापासून ओटीपर्यंत यायला तिला दोनदा थांबावं लागायचं, तरी उत्तर तेच राहिलं. फक्त ‘चालू’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये ती एक श्वास घ्यायला लागली.

गिरगावात खोताच्या वाडीत तिचं घर आणि वाडीच्या पाठीमागच्या चाळीत आमचं. आमच्या गॅलरीतून तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची, त्यामुळे आज तिच्याकडे बोंबील आहेत की खिमा, हे सगळ्यांच्या आधी माझ्या आईला कळायचं. आई नाक मुरडून “काय शिजवते बाई ही” म्हणायची आणि पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून, हातात वाटी देऊन, मला तिकडे पिटाळायची. वाटी भरूनच परत यायची. गणपतीत आमच्याकडच्या करंज्या तिकडे जायच्या, नाताळात तिकडचे कुलकुल इकडे यायचे. एवढ्या देवाणघेवाणीनंतरही आई तिला शेवटपर्यंत “ती फ्रॉकवाली” म्हणत राहिली आणि आंटी आईला “तुझी ती कडक मम्मी.”

तिचं पूर्ण नाव एस्मेराल्डा. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, “कोणी नीट विचारलं नाय गो.” एका विमा कंपनीत तीस वर्षं टायपिस्ट होती. घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आले होते, पण वाडीचे फोटो काढायला येणाऱ्या तरुण मंडळींना ती फ्रॉकमुळे परदेशी वाटायची. ते तिच्याशी अदबीनं इंग्रजीत बोलत आणि ती त्यांना खणखणीत मराठीत उत्तर देई. “घराचा काढा फोटो, माझा नको,” म्हणायची. “दोघांपैकी आधी कोण पडणार ते अजून ठरलं नाय.”

दहावीच्या वर्षी माझं इंग्रजी सुधारावं म्हणून आईनं मला तिच्याकडे पाठवलं. व्याकरण वगैरे तिनं काही शिकवलं नाही. रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लावायची आणि स्वतः डोळे मिटून टेबलावर एका बोटानं ताल धरायची. मी भरधाव वाचत गेले की बोट थांबायचं. “कॉमा खाल्लास. तिथं श्वास घ्यायचा. लिहिणाऱ्यानं तुझ्यासाठीच ठेवलाय तो.” बाजारभावाचं पानसुद्धा तिनं माझ्याकडून असं वाचून घेतलं की कांदे-बटाट्याचे दर ऐकून कुणालाही भरून आलं असतं. पुढे मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचं लिखाण तपासायला लागले. स्वल्पविरामाशी आले की अजूनही मी नकळत थांबते.

ती गायची, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते चर्चमधलं गाणं. त्यातही लग्नाला गायला फारशी जायची नाही. मयताला मात्र बोलावलं की हमखास. गिरगावपासून माझगावपर्यंत कुठंही कुणी गेलं की घरच्यांचा पहिला फोन फादरना आणि दुसरा एस्मीआंटीला. “लग्नात लोक जेवणाकडे बघतात, मातीला ऐकतात,” असं तिचं म्हणणं. गाऊन झालं की कोपऱ्यातून निघून यायची.

तिच्या गाण्यात चर्चपलीकडचं काहीतरी आहे, हे मला कळलं ते मसाल्याच्या दिवसांत. मे महिन्यात तिच्याकडे वर्षाचा मसाला कांडायला तीन बायका यायच्या. मिरच्या उन्हात कडक वाळलेल्या, मोठं लाकडी उखळ, तीन मुसळं आळीपाळीनं पडणार. आंटी तोंडाला रुमाल बांधून खुर्चीत बसायची आणि त्यांच्यावर खेकसायची. कांडण्यावर नाही, चार ठोक्यांतल्या कुठल्या ठोक्यावर जोर द्यायचा त्यावर. “एकावर कसला जोर लावतेस? एकावर लग्नाचा बॅंड वाजवतात. दोनावर मार. चारावर मार!” त्या बायका हसून बेजार व्हायच्या. पण दुसऱ्या दिवसापर्यंत मुसळं बरोबर दोनावर आणि चारावर पडायला लागायची, आणि रुमालाच्या आतून आंटी काहीतरी इंग्रजी गुणगुणायची, अशा खालच्या, जाडसर आवाजात की तो फ्रॉकवाल्या टायपिस्ट बाईचा वाटायचा नाही. त्या तिघींतली थोरली होती, यमुनाबाई, ती एकदा मला म्हणाली, “या बाईच्या मसाल्यानं नाय, हिच्या गाण्यानं ठसका लागतो.”

हळूहळू, सुकट निवडताना, बाटल्यांत मसाला भरताना, तिनं मला ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगितली. पन्नास वर्षांमागे चर्चगेटच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी बॅंड वाजायचा आणि बॅंडबरोबर ‘मिस मोना’ गायची. जॅझ, सोल, जे त्या वेळी परदेशातून तबकड्यांवर यायचं ते. आता गंमत अशी, की मिस मोना नावाची बाईच नव्हती. म्हणजे पहिली होती, ती लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली. पण दारावरची पाटी रंगवून झालेली, लोकांच्या तोंडी नाव बसलेलं, आणि चंदेरी गाऊन हॉटेलच्या कपाटात. बॅंडमास्तर म्हणाला, नाव कशाला बदलायचं? गाऊनची उंची कमी केली आणि एस्मेराल्डा मिस मोना झाली. तिच्यानंतर ॲग्नेस आली, मग गाऊनच्या बाजू आत घेतल्या. “त्या गाऊनला तीन बायकांची शिवण होती. आतून बघितलास तर कळेल, बाहेरून नाय,” आंटी म्हणायची.

तिला तेव्हा ते नाव सोयीचंच होतं. घरी पप्पांना सांगितलेलं, शनिवारी टायपिंगचा जादा क्लास असतो. पाटीवर खरं नाव आलं असतं तर क्लास त्याच दिवशी बंद झाला असता. दोन वर्षं निभावलं. मग तिला गालगुंड झालं, ती दोन आठवडे घरात पडून राहिली, आणि भला माणूस बॅंडमास्तर टोपलीभर मोसंबी घेऊन चौकशीला थेट घरी आला. “मोसंबी पप्पांनी ठेवून घेतली. मला हॉटेलात नाय जाऊ दिली,” असं सांगून ती हसायची. या जागी मी कधी तिच्याबरोबर हसू शकले नाही.

पण एक गोष्ट ती मान ताठ करून सांगायची. तिच्या शेवटच्या शनिवारी हॉटेलात एक माणूस रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आला होता आणि त्यानं तिचं गाणं टेपच्या स्पूलवर घेतलं होतं. नवऱ्याला दार उघडणार नाही म्हणणाऱ्या बाईचं संथ गाणं. ऐन रंगात असताना एका वेटरच्या हातून ट्रे पडला. पेले, चमचे, सगळं फरशीवर. “मी थांबले नाय. उलट त्याच्या खणखणाटावरच पुढची ओळ उचलली. जसा काय तो ट्रे त्या नवऱ्यावरच फेकला मी.” हा ट्रे मी किमान तीसदा पडताना ऐकला असेल. “कुठंतरी असेल ते स्पूल,” ती शेवटी म्हणायची आणि बाटलीला बूच लावायची. घरात तिचा दुसरा काही आवाज नव्हता. कॅसेट नाही, काही नाही. चर्चमधलं कोण कशाला रेकॉर्ड करणार?

आणि ते स्पूल सापडलं. तेही माझ्याच हाताशी आलं. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात छोटी म्युझिक कंपनी आहे, तिच्या अल्बमांबरोबरच्या पुस्तिका मी लिहिते आणि तपासते. कंपनीचा मालक निखिल कर्णिक. त्याच्या डोक्यात एक संकलन होतं, मुंबईच्या हॉटेलांत एके काळी जॅझ आणि सोल गाणाऱ्या बायकांचं. बारा गाणी, बारा आवाज, कोण कुठल्या कोण. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या मेलेल्या काकाच्या पेटीतून त्यानं ती जमवली होती. त्यात बॅंडमास्तरच्या नातवानं एक खोका आणून दिला. वर शाईनं लिहिलेलं, ‘मिस मोना’. गाणं, दार न उघडणाऱ्या बाईचं.

मी हेडफोन लावून ते ऐकलं आणि मला रडू फुटलं. तो खालचा, जाडसर आवाज. ठोक्याच्या किंचित मागे राहून चालणारी ती ओळ. मी निखिलला म्हटलं, “ही बाई जिवंत आहे. माझ्या चाळीमागे राहते.”

आता लिहायला नको वाटतं, पण लिहिते. ट्रे पडला नव्हता. मी ते गाणं त्या आठवड्यात दहाबारा वेळा ऐकलं आणि एकदाही त्यात ट्रे पडला नाही. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. मला वाटलं, हल्ली आवाज साफ करतात, त्यात गेला असेल. विचारलं मात्र कुणालाच नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, मग विचारायचं कशाला?

मी धावत तिच्याकडे गेले. ओटीवर बसून ती बोंबील साफ करत होती. ऐकल्यावर हात तसेच राहिले. मग तिनं आत जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि बाहेर येऊन एवढंच विचारलं, “माझं नाव टाकणार?”

“म्हणजे काय! ‘मिस मोना’ टाकणार ना.”

“मोना नको,” ती म्हणाली. “मोना कोणी पण होती. पप्पा गेले, मम्मी गेली, आता कोणाला घाबरायचं? पूर्ण नाव टाक. एस्मेराल्डा.”

त्यानंतरचे पंधरा दिवस मी तिला जशी पाहिली तशी आधी कधी पाहिली नव्हती. कोळणीपासून फादरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. यमुनाबाईला मुद्दाम निरोप गेला. निखिलनं माणूस पाठवून तिचा फोटो काढून घेतला. आयुष्यभर ‘माझा नको’ म्हणणारी बाई कॅमेऱ्यासमोर केस काळे करून, कानांत मोत्याचे टॉप घालून बसली. कडक मम्मीनंसुद्धा गॅलरीतून पाहून, “फ्रॉक शोभतो हो तिला,” असं सर्टिफिकेट दिलं. मी पुस्तिकेत तिच्यावर एक पान लिहिलं. ट्रे, गाऊन, मोसंबी, सगळं आलं. पुस्तिका छपाईला जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. “छापायच्या आधी मला एकदा ऐकव. पन्नास वर्षांत ऐकलं नाय मी.”

परळच्या त्या ऑफिसात आम्ही तिला मधल्या खुर्चीत बसवलं. निखिलनं स्पीकर लावले. गाणं सुरू झालं आणि तिचं बोट गुडघ्यावर ताल धरायला लागलं. चेहरा असा उजळला की निखिलनं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग मी पाहिलं, तिचं बोट थांबलं होतं. ती वाट बघत होती. मला तेव्हाच कळलं ती कसली वाट बघतेय.

गाणं संपलं. ती म्हणाली, “ट्रे कुठं गेला?”

“कुठला ट्रे?” निखिलनं विचारलं.

“तुम्ही काढून टाकला काय? मशीननं?”

“नाही आंटी. खरखर थोडी कमी केली, बाकी कशाला हात लावला नाही.”

“परत लाव.”

परत लावलं. या वेळी तिनं ताल धरला नाही. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून बसली, माझं पेपरवाचन ऐकायची तशी. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाली, “ही मी नव्हे. ही ॲग्नेस.”

निखिलनं स्पीकर बंद केले. मग तीच बोलली. “पहिल्यांदा मला पण मीच वाटले. चांगली गाते म्हणून.” आणि हसली.

निखिल वाईट माणूस नाही. तो म्हणाला, “आंटी, आवाज तर अगदी तुमच्यासारखा आहे.”

“असणारच. मीच शिकवलेलं तिला. मी गालगुंडानं पडले तेव्हा, माझ्या पलंगावर बसून, ओळ न् ओळ. कुठं थांबायचं, कुठं मागे राहायचं, सगळं माझं आहे. आवाज तिचा आहे.”

“पण कुणाला कळणार आहे? पुस्तिका तयार आहे, तुमचा फोटो आहे. ॲग्नेस कुठे आहेत आता?”

“ती गेली. वीस वर्षं झाली. तिच्या मातीला मीच गायले.”

“मग तर झालंच.”

आंटीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तिच्याकडे कॉमा शिकलेली मी, तिला म्हटलं, “आंटी, राहू दे ना तसंच. कुणाचं काय जातंय? नाहीतरी मिस मोना तूही होतीस.” ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “पाणी दे गो,” आणि पाणी पिऊन झाल्यावर निखिलला म्हणाली, “लिहून घे. ॲग्नेस. स्पेलिंग सांगते.”

परतताना टॅक्सी लालबागचा पूल उतरली. मग बाहेर बघतच तिनं सगळं जुळवून सांगितलं. ट्रे पडल्यामुळे तो मशीनवाला नाराज झाला असणार. पुढच्या शनिवारी पुन्हा आला असणार. तेव्हा ती गालगुंडानं घरात, आणि पाटीखाली, गाऊनमध्ये, ॲग्नेस. “टेप महाग होती तेव्हा. त्याच टेपवर परत घेतलं असणार. माझ्यावरच.” थोड्या वेळानं म्हणाली, “ॲग्नेसला माहीत असणार नाय. तिला वाटलं असेल, मशीन पहिल्यांदाच आलं.”

मी म्हटलं, “तू आता गा ना. माझ्या मोबाइलवर घेते. आत्ता, घरी गेल्यावर.”

“हा घसा? लोक म्हणतील बरं झालं पुसलं ते.” मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, “चोरून पण घ्यायचं नाय. चर्चमध्ये नाय, कुठं नाय. शप्पथ घे.” मी शप्पथ घेतली. त्या क्षणी तिनं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

ॲग्नेसची मुलगी ग्लोरिया वरळीला बीडीडी चाळीत राहत होती. साळवी नावाच्या गिरणी कामगाराच्या मुलाशी लग्न करून ती तिथली झाली होती. आंटीनं तिला पूर्वी आईच्या मयतातच काय ते पाहिलेलं. “हे फोनवर सांगायचं नाय,” म्हणून आम्ही दोघी गेलो. त्यांना नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली होती, खोलीभर बोचकी बांधून ठेवलेली. फळीवर गणपती आणि मदर मेरी शेजारीशेजारी, तेवढे अजून उतरवले नव्हते. ग्लोरियाचा नवरा टीव्ही बघत होता. मी फोनवर गाणं लावलं.

“कोण गातंय?” ग्लोरियानं विचारलं.

“तुझी मम्मी,” आंटी म्हणाली.

ती आधी हसलीच. “मम्मी? ओ आंटी, मम्मी तर चर्चमध्ये पण नुसते ओठ हलवायची. आमाला झोपवताना पण कधी गायली नाय.” मग गाणं पुढे गेलं, आणि एका ठिकाणी तिचं हसू थांबलं. कुठला तरी शब्द असेल, आईचा म्हणून ओळखीचा. ती एका बोचक्यावर बसली. साळवींनी उठून टीव्ही बंद केला. मी फोन खाली घेणार तेवढ्यात ती ओरडली, “बंद नका करू!”

ते गाणं आम्ही त्या खोलीत चारदा ऐकलं. आंटीनं तिला तिची आई सांगितली. चंदेरी गाऊनमधली, वीस वर्षांची, घाबरली की हातरुमाल चावणारी, पण तोंड उघडलं की अख्खं हॉटेल गप्प करणारी. “माझ्यापेक्षा चांगली गायची,” आंटी म्हणाली. ते खरं होतं की नाही, हे सांगायला आता कुणीच नाही. ग्लोरियानं डोळे पुसून सगळ्यांसाठी चहा टाकला आणि कप हातात देताना सहज विचारलं, “तुमी पण गायच्या ना तिथं? मग तुमचं गाणं कितवं हाय त्याच्यात?”

“माझं नाय,” आंटी म्हणाली. “मी टायपिस्ट होते.”

अल्बम निघाला. आंटीवरचं पान मी काढलं आणि ग्लोरियाशी बोलून तिच्या आईवर नवीन लिहिलं. आंटीच्या फोटोच्या जागी ॲग्नेसचा एक लग्नातला फोटो आला. माझ्या हट्टानं एस्मेराल्डा हे नाव शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत घातलं, बारीक अक्षरात, सतरावं. प्रकाशनाला आंटी आली होती, केस पुन्हा पांढरे. सातवं गाणं, ॲग्नेसचं, लागलं तेव्हा ग्लोरिया पहिल्या रांगेत हमसून रडत होती आणि आंटी मागच्या रांगेतून, माणसांच्या मानांच्या फटीतून, तिला बघत होती. वाडीतल्या लोकांनी थोडे दिवस कुजबुज केली, म्हातारीनं थापा मारल्या म्हणून. कोळणीनं तोंडावर विचारलं. आंटी म्हणाली, “चूक झाली गो. माणसाला वाटतं आपलं.” मला त्या कोळणीशी भांडायचं होतं, तर आंटीनं मला पापलेटाचा भाव करायला लावला.

मी तिला शेवटची पाहिली ती जानेवारीतल्या एका दुपारी. तोवर नाकात ऑक्सिजनची नळी आली होती. फाटकापर्यंत येणं बंद झालं होतं. मी “कशी आहेस” विचारलं नाही. ती ओटीवरच्या खुर्चीत शाल घेऊन बसली होती. म्हणाली, “सातवं लाव.” मी फोनवर लावलं. ती पूर्ण ऐकत राहिली, संपल्यावर मान हलवून म्हणाली, “तिसऱ्या कडव्यात घाई करते. मी तिला सांगितलेलं, तिथं ती बाई दार उघडायला उठते आणि परत बसते. त्याला वेळ द्यायचा.”

आणि तिनं ते कडवं म्हणून दाखवलं. चार ओळी. आवाज कुठला राहिला होता? दर तीन शब्दांना श्वास. पण ती बाई उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली. मी ते समोर घडताना पाहिलं. फोन माझ्या मांडीवर होता, गाणं नुकतंच संपल्यामुळे पडदा अजून उजळलेला. एका बोटाचं काम होतं. तिचे डोळे मिटलेले होते, तिला कळलंही नसतं. मला शप्पथ आठवली आणि मी फोन पालथा घातला.

“असं पाहिजे,” ती म्हणाली. मग शाल सारखी करून, “जा आता. कडक मम्मी वाट बघत असेल,” म्हणून तिनं मला हातानं घालवलं. फाटकातून वळून पाहिलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती, ओठ हलत होते. दहा दिवसांनी ती गेली. तिच्या मातीला गायला कुणी नव्हतं. फादरनी प्रार्थना नुसती वाचली.

ग्लोरिया मला अधूनमधून फोन करते. नव्या घरात ती रोज सकाळी ते गाणं लावते म्हणे. तिला आई मिळाली, याचं मला खरंच बरं वाटतं. मीही ते ऐकते, पण आता कमी ऐकते. कारण त्या दुपारचं कडवं मला आठवायचं असतं. मी डोळे मिटून बसते. खुर्ची आठवते, शाल आठवते, नळी आठवते, ओठ हलायला लागलेले दिसतात, आणि त्यांतून ॲग्नेसचा आवाज येतो.